तुझ्या भाचीच्या वकिलीबद्दल

गुहागर,
१४ जून

प्रिय वैशू,

तुझा निरोप मिळाला. ‘सायलीला तुझ्यासारखं अमेरिकेत जाऊन इमिग्रेशनची वकील व्हायचंय, तिला जरा समजावून सांग.’ समजावून म्हणजे जा म्हणून की नको म्हणून, तेवढं लिहायचं राहिलं बघ तुझं! परवापासून इथे लाइटचा पत्ता नाही, फोन निपचित पडलाय, म्हणून सरळ कागद घेतला. लांबणार आहे, तेव्हा चहा टाकूनच वाचायला बस.

आधी तिला हे सांग की मी ठरवून वकील झालेली नाही. चिपळूणची बँकेतली नोकरी सोडून गेले ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसाला बांधलेली. एच-फोरवर शिकता येतं, गाडी चालवता येते, कमावता मात्र एक डॉलर येत नाही. (२०१५ पासून ज्यांच्या नवऱ्यांचं ग्रीन कार्डाचं, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचं काम एका टप्प्यापुढे सरकलंय, अशा बायकांना परवानगी मिळू लागली. आमच्या वेळी ती सोय नव्हती.) बँकेत लोकांची कर्जप्रकरणं तपासणारी मी, आणि तिथे माझी स्वतःची फाइलसुद्धा माझ्या नावावर नव्हती.

मग आला २००७ चा जुलै. तो नीट सांगते, कारण माझी वकिली तिथे सुरू झाली. अमेरिका नोकरीच्या वर्गातून वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. देश लहान असो की आपल्याएवढा, टक्के तेच. म्हणून आपली रांग वर्षानुवर्षं तुंबते. तिथलं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक पत्रक काढतं, व्हिसा बुलेटिन. आपल्या देशाच्या रकान्यात जी तारीख छापून येते, तिच्या आधीची तुमची रांगेतली तारीख असेल तर ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज करायचा. त्या जूनमध्ये पुढच्या महिन्याचं पत्रक आलं आणि नोकरीच्या जवळजवळ सगळ्या रांगा एकदम खुल्या! न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्ये दिवाळी असल्यासारखी धावपळ. डॉक्टरांकडे तपासणीसाठी रांगा, फोटोवाल्यांकडे रांगा, जन्माचे दाखले कुरिअरनं मागवताहेत. आणि २ जुलैला खात्यानं जाहीर केलं की कोटा संपला, अर्ज घेणार नाही.

लोक रडले, चिडले, आणि मग काहींना गांधीगिरी सुचली. शेकडो पुष्पगुच्छ इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखांच्या पत्त्यावर रवाना झाले. खात्यानं ते जखमी सैनिकांच्या लष्करी रुग्णालयाकडे वळवले. फुलांची बातमी झाली, पण तिकडे वकिलांनी कोर्टाची वाट धरली होती, आणि माझं मत विचारशील तर खातं हललं ते त्यामुळे. १७ जुलैला घूमजाव झालं. १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेऊ म्हणाले. आमच्या कंपनीच्या वकिलाकडे इतकी गर्दी की फोन लागेना. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म पसरून, सूचना ओळीन् ओळ वाचत, आमची सगळी फाइल मीच लावली. काही महिन्यांनी कामाचा परवाना हातात आला आणि मी पहिली नोकरी धरली ती एका वकिलाकडे, फॉर्म भरायची.

पुढचं भराभर सांगते. तिथे कायद्याची पदवी कुठल्याही पदवीनंतर करता येते, बी.कॉम. चालतं. दिवसाची तीन वर्षांची, संध्याकाळची साधारण चार. मी संध्याकाळची केली. नंतर सनदेसाठीची दोन दिवसांची बार परीक्षा, त्यातल्या एका दिवशी २०० बहुपर्यायी प्रश्न. तू मागे विचारलं होतंस, नागरिक नसताना वकील कशी झालीस? त्याचं उत्तर १९७३ सालचं आहे. कनेटिकटमध्ये एका डच बाईला नागरिक नाही म्हणून सनद नाकारली होती, आणि सुप्रीम कोर्टानं तो नियमच रद्द केला. शिवाय इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा, त्यामुळे एका राज्याची सनद असली तरी हे काम देशभर चालतं.

आता खरं काम काय, ते सायलीला कळू दे. तिच्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि युक्तिवाद असणार. माझा निम्मा दिवस दाखल्यांत जातो. नावगाव सांगत नाही, पण आपल्याच बाजूच्या एका मुलानं नागरिक झाल्यावर आईसाठी अर्ज केला. आईला रांग नसते, म्हणजे सोपं प्रकरण. त्याच्या जन्मनोंदीत नावाच्या रकान्यात नुसतं ‘मुलगा’. आईचं शाळेतलं नाव वेगळं, लग्नात नाव बदललं ते वेगळं, पासपोर्टवर तिसरंच. जन्मतारीख अर्थात १ जून, मास्तरांनी शाळेत घालताना घातलेली. तिथल्या अधिकाऱ्यानं यातून काय समजायचं? त्याच्या दृष्टीनं या तीन बाया झाल्या.

अशा वेळी जन्माची माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडता येतात. गावाहून एक आलं: ‘मी सदर कुटुंबास ओळखते व मुलाचा जन्म अमुक तारखेस झाला.’ अगं, पण तुला कसं ठाऊक? मी त्या शेजारच्या आजीला फोन लावला. ती म्हणाली, ‘मला नाय तर कोणाला म्हायती? नारळी पुनवेची आदली रात, पऱ्ह्या भरून चाललेला, सुईणीला पलीकडनं आणायला कंदील धरून मीच उभी होते!’ तेच तसंच्या तसं लिहून काढलं, तिला वाचून दाखवलं आणि तिचा अंगठा घेतला. प्रकरण मंजूर झालं. हे कुठल्याही लॉ स्कूलमध्ये शिकवत नाहीत.

दुसरी बाजूही तिला सांग. देशाबाहेर काढण्याचे खटले जिथे चालतात ती कोर्टं तिथल्या न्यायखात्याच्याच हाताखाली असतात. फौजदारीत गरीब आरोपीला सरकार वकील देतं, या खटल्यांत देत नाही. वकील करा, पण आपल्या खर्चानं. म्हणून लहान मुलंसुद्धा वकिलाशिवाय न्यायाधीशासमोर उभी राहतात. कंपन्यांच्या कामावर माझं घर चालतं. ही कामं मी अधूनमधून घेते, आणि ती घेतली की झोप उडते. बाबा म्हणायचे, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. (म्हणायचे, आणि आगराच्या वाटणीचा दावा मात्र मरेपर्यंत चालवला त्यांनी.)

त्याच आगरासाठी आलेय मी आता. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायचंय. तिथलं नागरिकत्व घेतलं की आपलं जातं, हातात उरतं ते ओसीआय कार्ड, मूळच्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मिळू शकते. तलाठी भला माणूस आहे, पण ते कार्ड उलटसुलट करून म्हणाला, ‘ताई, यावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच बाई आहे, याचा काही पुरावा?’ मला इतकं हसू आलं! चार दिवस मीच प्रतिज्ञापत्र करत फिरतेय.

तेव्हा जा की नको? तिनं एल.एल.बी. इथेच करावं, रत्नागिरीतसुद्धा होतं. पुढे तिकडची एक वर्षाची एल.एल.एम. केली आणि अटी पूर्ण झाल्या, तर न्यू यॉर्क राज्य परदेशी पदवीधरांना बार परीक्षेला बसू देतं. खर्च अफाट आहे, कर्ज काढून जाणार असेल तर आधी माझ्याशी बोलू दे. आणि सनद मिळाली म्हणजे राहता येतं असं नाही. एच-वनच्या वर्षाला ८५,००० जागा, त्यातल्या २०,००० तिथे मास्टर्स किंवा वरचं शिकलेल्यांसाठी, मागणारे कितीतरी जास्त, म्हणून निवड लॉटरीनं. दुसऱ्यांचे अर्ज भरणारी वकील स्वतः त्या लॉटरीत अडकलेली मी पाहिलीय.

त्याआधी एक कर. दिवाळीच्या सुट्टीत तिला महिनाभर एखाद्या सेतू केंद्रात नाहीतर तालुक्याच्या वकिलाकडे बसव. दाखल्यासाठी चौथ्यांदा आलेल्या म्हाताऱ्याचं बोलणं न कंटाळता ऐकून घेते का, बघ. ऐकत असेल तर मी तिची फी भरायलासुद्धा तयार आहे.

आणि तिचा पासपोर्ट काढला असलात, तर त्यावरचं नाव दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आजच बघ. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच टाक, नंतर निस्तरायला वर्ष जातं.

गणपतीपर्यंत मी इथेच आहे. दोघी या.

तुझी,
मंजू