जावरच्या मुशी जपायला हात द्या

सप्रेम नमस्कार.

उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर, अरवलीच्या डोंगरांत टीडी नदीच्या काठी जावर आहे. जुन्या जावरमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला वाटते, इथे मोठा कुंभारवाडा असणार. पडक्या घरांच्या भिंती दगडविटांच्या नाहीत. वीत-दीड वीत लांबीच्या, एका टोकाला बंद असलेल्या, जळून काळ्या-करड्या पडलेल्या मातीच्या नळ्या एकावर एक रचून त्या उभारल्या आहेत. या नळ्या म्हणजे जस्त गाळून झाल्यावर टाकून दिलेल्या मुशी. त्यांच्यासाठीच हे आवाहन आहे.

या डोंगरांनी मेवाडला चांदी आणि शिसे दिले. राणा लाखाच्या काळात, चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इथली चांदी हाती लागली असे मेवाडात सांगतात. पण खाणींत आधाराला लावलेली लाकडे तपासली तेव्हा ती २,००० वर्षांहून जुनी निघाली. सुरुंग नव्हते तेव्हा खाणकरी कातळाला लाकडांचा जाळ घालत आणि तापून तडकलेला दगड घणाने फोडून काढत. पोकळ्यांच्या भिंतींवर त्या जाळाची काजळी आजही दिसते.

जस्त मिळवणे त्याहून अवघड. खनिजातून ते सुटायला हजार अंशांहून जास्त उष्णता लागते आणि उकळते मात्र ९०७ अंशांनाच. म्हणजे धातू तयार होतो तो वाफेच्या रूपात, आणि त्या वाफेला हवा लागली की पांढरी भुकटी होऊन जाते. जावरच्या कारागिरांनी यातून वाट काढली. भाजलेले खनिज, डोलोमाइट नावाचा दगड, थोडे मीठ आणि शेण मळून गोळ्या वळायच्या. त्या मुशीत भरून मधोमध काडी खोचायची, तोंडाला मातीची निमुळती नळी लिंपायची आणि मूस उलटी, तोंड खाली करून, भट्टीत उभी करायची. काडीमुळे गोळ्या खाली घसरत नाहीत आणि काडी जळाली की वाफेला वाट होते. वरच्या कोठ्यात जाळ, मधे भोकांचा मातीचा पाट, खाली गार कोठा. वाफ खाली उतरते आणि जस्त थेंबाथेंबाने भांड्यात जमते. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या, म्हणजे धातू आणि औषधी रसायनांच्या जुन्या विद्येच्या, ग्रंथात जस्त काढायला ‘वृंताक मूषा’ सांगितली आहे, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस. जावरची मूस हातात घेतली की ते नाव का पडले ते कळते.

१९८०च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि इथल्या आधुनिक खाणी चालवणारी हिंदुस्थान झिंक कंपनी यांच्या पथकाने इथे उत्खनन केले. एका भट्टीत ३६ मुशी आणि अशा सात भट्ट्या एका रांगेत, असा कारखानाच मातीखाली मिळाला. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीपासून धडधडत होत्या. पितळ होते ते तांब्यात जस्त मिसळून, म्हणून घरातल्या पितळी डब्याला हात लावताना हे आम्हाला दर वेळी आठवते.

एक गोष्ट मराठी माणसाने मोकळेपणी बोलायला हवी. अठराव्या शतकात शिंदे-होळकरांच्या फौजांच्या स्वाऱ्या आणि खंडणी यांनी मेवाड पार खिळखिळे झाले. पुढे दुष्काळ आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथले काम थांबले. आम्ही नोकरीनिमित्त उदयपुरात आलेली मराठी कुटुंबे जावरच्या रहिवाशांबरोबर या कामात उतरलो, त्यामागे हीसुद्धा भावना आहे.

काम साधे आहे. नवे घर बांधायला जुनी भिंत पाडली की मुशी ढिगाऱ्यात जातात. ती पडण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो, मोजमाप आणि नकाशा आम्हाला करून ठेवायचा आहे. आम्ही कुठेही खोदकाम करत नाही आणि करणारही नाही. तो अधिकार पुरातत्त्व खात्याचा. हिवाळ्यात आठवडाभर येऊ शकतील असे आर्किटेक्चरचे विद्यार्थी आणि सर्व्हेची सवय असलेले निवृत्त लोक हवे आहेत. राहण्या-जेवणाची सोय आमच्या घरी होईल. पैसे लागतील ते प्रवासाला, स्कॅनिंगला आणि मेवाडी, हिंदी व मराठी अशा तीन भाषांतल्या माहितीपुस्तिकेच्या छपाईला. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब वर्षाअखेर सर्व देणगीदारांना पाठवू.

पैशांपेक्षाही जास्त गरज तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकांची आहे. इथल्या खाणींत काम केलेले इंजिनिअर, भूगर्भशास्त्रज्ञ, ड्राफ्ट्समन, तसेच उत्खननाच्या वेळी बडोद्याहून आलेले विद्यार्थी यांच्यात मराठी माणसे असतील. तुमच्या वडिलांचे किंवा काकांचे जुने फोटो, डायऱ्या, हाताने काढलेले नकाशे असतील तर कळवा. आम्ही स्कॅन करून मूळ कागद जसेच्या तसे परत करू.

आणि कुणी कधी सहलीला आला असताना आठवण म्हणून एखादी मूस उचलून नेली असेल, तर ती परत पाठवा. कुणी काही विचारणार नाही. जुन्या सुती कापडात गुंडाळा, आत कागदाचे बोळे भरा, तोंडाशी चिकटलेली नळी असल्यास तिला वेगळा आधार द्या. मूस धुऊ नका, आतल्या राखेचाही उपयोग असतो. सोबत चिठ्ठीवर एवढेच लिहा की ती कुठे मिळाली होती: नदीकाठी, रामनाथ मंदिराजवळ, की एखाद्या भिंतीत.

आपले नम्र,
उदयपूर व जावर येथील कार्यकर्ते