आधी ९० तास, मग सहीचा अधिकार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फार्मासिस्टना स्वतः औषध लिहून देण्याचा अधिकार द्यावा, अशी मागणी निघाली की ब्रिटनचा दाखला हमखास दिला जातो. तो योग्यच आहे, पण अर्धा सांगितला जातो. तिथे हा अधिकार २००६ पासून आहे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. तो कसा मिळवावा लागतो, ते कोणी सांगत नाही.

सुरुवात २००३ मध्ये पूरक अधिकाराने झाली. निदान डॉक्टरांचे, त्या रुग्णापुरती लेखी उपचार-योजना, तिला रुग्णाची संमती, आणि त्या चौकटीत राहून मात्रा किंवा औषध बदलण्याची मुभा फार्मासिस्टला. स्वतंत्र अधिकार त्यानंतर आला. त्यासाठी जनरल फार्मास्युटिकल कौन्सिलने (तिथल्या फार्मासिस्टांची नोंदणी आणि नियमन करणारी संस्था) मान्य केलेला अभ्यासक्रम करावा लागतो: २६ दिवसांचे शिक्षण आणि अनुभवी प्रिस्क्रायबरच्या (औषध लिहून देण्याचा अधिकार असलेल्याच्या) देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर किमान ९० तास. देखरेख करणारा पूर्वी डॉक्टरच असावा लागे. आता अनुभवी नर्स किंवा फार्मासिस्टही चालतो. २०२६ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्यांना हा अधिकार नोंदणीबरोबरच मिळावा अशी रचना केली आहे, पण ९० तास माफ झालेले नाहीत. ते आधीच्या प्रशिक्षण-वर्षात घातले आहेत. (इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ ला सुरू झालेली सात आजारांवर फार्मसीतूनच औषध देणारी ‘फार्मसी फर्स्ट’ सेवा ही वेगळी गोष्ट. तिथे औषध ठरवून दिलेल्या नियमावलीनुसार दिले जाते.)

या ९० तासांत शिकायचे काय? रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम घेणारी व्यक्ती पाय सुजले म्हणून येते. हा त्या गोळीचा परिणाम असू शकतो आणि मात्रा वाढली की सूजही वाढते, हे फार्मासिस्टला चांगले माहीत असते. ही सूज अंगात पाणी साठल्याने येत नाही. बारीक धमन्या रुंदावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव बाहेर झिरपतो. म्हणून लघवीची गोळी जोडून सूज फारशी उतरत नाही, उलट सोडियम-पोटॅशियम घसरण्याचा धोका वाढतो. एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, ही साखळी तोडण्यात फार्मासिस्टचा हात धरणारे थोडेच.

पण सूज एकाच पायाला असेल तर? मग गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. फरक ३ सेंटिमीटरच्या वर गेला की शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी रुग्णालयात धाडायचे. दोन्ही पाय सुजलेत आणि आडवे झाल्यावर धाप लागते, तर हृदयाकडे बघायचे. सकाळी चेहराही सुजतो, तर मूत्रपिंडाकडे. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का, हे पुस्तकातून येत नाही. फार्मासिस्टची बाजू औषधाच्या ज्ञानात भक्कम असते आणि निदानात लंगडी, म्हणून तर हे तास.

हेच तास वायाही जातात. देखरेख करायला वेळ असलेली माणसे मिळत नाहीत, आणि मिळाली तरी शिकणारा कोपऱ्यात खुर्ची टाकून नुसता बघत बसतो. त्याने स्वतः विचारावे, तपासावे, निर्णय सांगावा, मग वरिष्ठाने तो दुरुस्त करावा, तरच तो तास मोजण्यासारखा. आणखी एक पथ्य तिथे सांगितलेले आहे: लिहिणारा आणि औषध देणारा शक्यतो वेगळा. आपल्याकडे दुकानाचा गल्ला आणि चिठ्ठी एकाच हातात गेली तर अँटिबायोटिकचे काय होईल, याची मला खरोखर धास्ती वाटते.

कायद्याचे दार आपल्याकडेही पूर्ण बंद नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये आधुनिक वैद्यकाशी संबंधित व्यक्तींना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आहे. अडचण पायाची आहे. डी.फार्म. या फार्मसीच्या पदविकेला ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे असूनही कितीतरी विद्यार्थी केवळ सही-शिक्क्यावर ते ‘पूर्ण’ करतात, आणि सर्टिफिकेट भाड्याने देऊन फार्मासिस्ट दुकानात फिरकतही नाही.

म्हणून सुरुवात मेडिकलच्या काउंटरवरून नको. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, सहा वर्षांचा फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रम झालेल्यांपासून करावी. आजार एकच घ्यावा, उच्च रक्तदाब. निदान डॉक्टरांचे, फेरतपासणी आणि मात्रेतला बदल फार्मासिस्टचा, म्हणजे ब्रिटनचा २००३ चा टप्पा. प्रत्येकाच्या नोंदवहीत तासांबरोबर काय तपासले, काय ठरवले आणि वरिष्ठाने कुठे दुरुस्त केले, हे तिन्ही रकाने असावेत. दुरुस्तीचा रकाना पानोपानी कोरा दिसला, तर ती वही परत पाठवावी.

आपला,
एक फार्मसी अध्यापक, पुणे