बाहुल्याला मराठी शिकवणाऱ्या बाईंना

ति. बाईंना सा. न.

समोर बसून आभार मानू लागलो की तुम्ही 'चहा गार होतोय' म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र.

जादूच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांवरून शिकणं तसं सोपं. प्रोफेसर हॉफमन यांचं 'मॉडर्न मॅजिक' १८७६ चं. लेखक पेशाने बॅरिस्टर, खरं नाव अँजेलो जॉन लुईस. पुस्तकात ३१८ चित्रं, आणि वकिली काटेकोरपणे एकेका बोटाची जागा सांगितलेली. तळहात लंडनचा असो की सांगलीचा, नाणं सारखंच लपतं.

शब्दभ्रमाच्या, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याच्या कलेच्या पुस्तकांचं मात्र घोडं तिथेच अडलं. त्यांचा नियम असा: ओठ किंचित विलग ठेवायचे आणि ओठ मिटावे लागतील तिथे जीभ वापरायची. 'ब'ऐवजी 'द', 'प'ऐवजी 'त', 'म'ऐवजी 'न'. बाकीचं ऐकणाऱ्याचा कान संदर्भाने जुळवून घेतो. इंग्रजीत हे खपतं. माझा बाहुला 'बाबा' म्हणायला गेला की 'दादा' ऐकू येई, 'मामा'चा 'नाना' होई! चुकलेला शब्दही खरा नातेवाईकच निघाल्यावर कान काय जुळवणार? शिवाय 'फ' आणि 'भ'चं काय करायचं, हे त्या साहेबांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

तुम्ही पुस्तक मिटून बाजूला ठेवलंत आणि 'उपूपध्मानीयानाम् ओष्ठौ' हे संस्कृत व्याकरणातलं वचन म्हटलंत: 'उ', प-वर्ग वगैरेंचं उच्चारस्थान ओठ. शाळेत संस्कृत सोडून पळालेल्या माणसाला त्या क्षणी ते काय कळणार होतं! पण कॅलेंडरच्या पाठीवर तुम्ही तक्ता आखलात: प-वर्ग ओठांचा, 'व' दात आणि ओठांचा, 'ओ' कंठ आणि ओठांचा. आणि 'उ'सुद्धा ओठांचाच. ऊ म्हणताना माझ्या ओठांचा चंबू होतो, तो माझ्याकडच्या एकाही पुस्तकाने पकडला नव्हता. 'द' म्हणजे 'द'च, 'ड' नव्हे; जीभ दातांना टेकली पाहिजे, ही तंबीही तुमचीच. 'भ'साठी 'ध', 'फ'साठी 'थ'. 'धाकरी' असा शब्द मराठीत नाही, त्यामुळे लोक बिनबोभाट 'भाकरी' ऐकतात.

नात्यांवरचा तोडगा तर अफलातून. 'मामा' हा शब्द आधी मी म्हणायचा: "काय रे, मामा आले का?" मग बाहुला खुशाल "नाना आले" म्हणू दे, कानात 'मामा' आधीच बसलेला असतो. बाबांचे आपण 'वडील' केले. आई, आजी, काका, ताई यांना ओठ मिटावेच लागत नाहीत, त्यामुळे आता संहितेत त्यांचीच चलती आहे.

पाध्यांच्या 'अर्धवटराव' या नावात प-वर्गातलं एकही अक्षर नाही, हे इतकी वर्षं त्या बाहुल्यावर हसूनही मला दिसलं नव्हतं. तुमचा तक्ता पाहिल्यावर दिसलं.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पुढच्या रांगेतली खुर्चीही नको म्हणालात, कारण जवळून ओठ दिसतात. हे जरा लागलं. पण खरं आहे. 'फ' अजून फुसकाच निघतो. दिवाळी झाली की येतो, तक्ता घेऊन. चहा मी करीन.

आपला,
बाहुल्यामागचा