त्या अर्ध्या ग्लासाबद्दल

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, ती उगाच घाबरलीय. पार्टीत दोन ग्लास वाइन घेतली तेव्हा दिवस गेलेत हे कुठे माहीत होतं? काही झालं का? मग पुढे कधीतरी अर्धा ग्लास घेतला तर काय बिघडणार आहे?" सूनबाई तिथेच बसली होती. तिचं मुसमुसणं मला ऐकू येत होतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसले.

आधी तिच्यासाठी लिहिते, हे तिला वाचून दाखव. माहीत नसताना थोडी घेतली गेली, तर त्यातून बाळाला धोका होण्याची शक्यता कमी असते. खरी भीती असते ती वारंवार पिण्याची आणि एका बैठकीत खूप पिण्याची. ती त्या रात्रीनंतर थांबली, तेवढंच तिच्या हातात होतं आणि ते तिने केलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं. तिथे लपवू नये.

आता तुझ्याशी बोलते. तिला धीर द्यायला वापरायची गोष्ट तू पुढच्या ग्लासाची परवानगी म्हणून वापरतोयस, आणि हे मला फार लागलं.

आईच्या रक्तातली दारू बाळाला पोसणाऱ्या वारेतून सरळ बाळाच्या रक्तात जाते. तुला वाटतं तशी तिथे कुठली गाळणी नसते. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात जवळपास आईइतकंच प्रमाण होतं. तिचं यकृत ती दारू पचवतं, पण बाळाचं यकृत अजून तयारच झालेलं नसतं. गर्भजलातही दारू उतरते, आणि पुढच्या महिन्यांत बाळ तेच पाणी गिळत असतं. म्हणजे आईची उतरली तरी बाळाची लगेच उतरत नाही. पहिले तीन महिने सांभाळले की झालं, असंही नाही. हृदय, हातपाय, चेहरा यांची घडण सुरुवातीला होते, पण मेंदू नवव्या महिन्यापर्यंत घडतच असतो. गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण, कमी वजन हे धोके आहेतच. आणि वाइन-बिअर सौम्य असते म्हणालास, तर हिशोब करून बघ. ३३० मिलीची बिअर, १५० मिली वाइन आणि ४५ मिली व्हिस्की, तिन्हींत शुद्ध अल्कोहोल साधारण सारखंच, १३-१४ ग्रॅम.

"पूर्वीच्या बायका नाही का घ्यायच्या?" असंही तू विचारलंस. घ्यायच्या. डॉक्टरसुद्धा द्यायचे! १९६०-७०च्या दशकांत अवेळी आलेल्या कळा थांबवायला शिरेतून अल्कोहोल देत असत. १९६८ साली फ्रान्समध्ये पॉल लेमुआन यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांबद्दल लिहिलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये अमेरिकेत केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पोटात असताना दारूमुळे होणाऱ्या या इजेला नाव दिलं, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. त्यानंतर जगाला हळूहळू कळत गेलं. त्या बायकांना कुणी सांगितलं नव्हतं. तुला सांगणारे आहेत.

जगभरच्या आकडेवारीवरून २०१७ साली एक अंदाज मांडला गेला होता. गरोदरपणात दारू घेणाऱ्या दर ६७ बायकांमागे एका बाळाला हा आजार पूर्ण स्वरूपात होतो. तू म्हणशील, म्हणजे ६६ जणी सुटल्या. नाही रे. हा आकडा फक्त चेहऱ्यावर, उंची-वजनावर खुणा दिसणाऱ्या बाळांचा. ज्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही पण मेंदूला इजा झालेली असते, अशी मुलं त्याहून कितीतरी जास्त. ती गोंडस असतात, वेळेवर चालतात, बोलतात. घोटाळा शाळेत कळतो.

तसा एक मुलगा माझ्या वर्गात होता. सोमवारी सातचा पाढा घडाघडा म्हणायचा आणि मंगळवारी सात दुणे विचारलं की कोरा चेहरा. एकाच चुकीसाठी दहा वेळा रागावलं तरी अकराव्यांदा तीच चूक. मी त्याला आळशी म्हटलं, मुद्दाम करतोस म्हटलं, वर्गाबाहेर उभं केलं. तो रडत नसे, नुसता गोंधळून माझ्याकडे बघायचा. तो शाळा सोडून गेल्यावर काही वर्षांनी त्याची आई भेटली. निदान झालं होतं. म्हणाली, "बाई, पोटात असताना मी घेत होते. एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही असंच सगळे म्हणायचे." मी तिला काय बोलणार? तिच्यापेक्षा मला माझीच लाज वाटली. औषधाने ही इजा भरून येत नाही. लवकर ओळखलं आणि शिकवण्याची पद्धत बदलली तर मूल पुष्कळ सावरतं, पण मी त्याला उभं केलं होतं वर्गाबाहेर.

"सगळे म्हणायचे" हे तिचे शब्द काल तुझा आवाज ऐकताना आठवले. किती प्यायली की इजा होते ही रेषा आजवर कुणालाच आखता आलेली नाही, म्हणून डॉक्टर सांगतात की अजिबात नको. प्रत्येक घोटाने अनर्थ होतो असा त्याचा अर्थ नाही. पण ज्याची गरजच नाही त्यासाठी बाळाच्या मेंदूवर पैज का लावायची?

तेव्हा हे नऊ महिने तूही बंद कर. तिच्यासमोर ग्लास धरून "तू नको घेऊस" म्हणणं सोपं आहे. एकटीने नकार देत राहणं किती थकवतं, हे पार्टीत चौघांनी आग्रह केल्यावर कळतं. त्या वेळी तिला बोलावं लागू नये, तू आधी बोल. आणि त्या दोन ग्लासांचा विषय पुन्हा काढू नकोस, चेष्टेतसुद्धा नाही.

तुझ्या त्या मित्राच्या बायकोबद्दलही सांगते. ती रोज घेते आणि आता दिवस गेलेत म्हणालास. तिला "उद्यापासून एकदम बंद" असं सांगू नका. रोजची सवय असेल तर अचानक सोडल्याने झटके येऊ शकतात, तिने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायला हवी. तिला रागावू नका, सोबत घेऊन जा. लाजेने घरी बसली तर कुणालाच कळणार नाही.

रविवारी सकाळी फोन करते. आधी तिला दे.

तुझी,
आई