मेपलचा आरओ उसाच्या रसाला चालत नसतोय

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर मागं एक छोटी माहिती आली होती, कॅनडा-अमेरिकेत लोकं घरच्या घरी आरओ, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करायचं मशीन, जोडून मेपल सिरप, म्हणजे मेपल झाडाच्या रसाचा पाक, करतेत, जळण वाचतंय वगैरे, आणि शेवटी एक ओळ होती की आपल्याकडं काकवीसाठीही हा प्रयोग करून बघायला हरकत नाही. बाकी माहिती बरोबर होती, त्या शेवटच्या ओळीनं मात्र माझं डोकं उठवलंय. माझा धंदा सोलापुरात आरओ बसवायचा आणि सर्व्हिसिंगचा, त्यामुळं ती ओळ वाचून लोकं मलाच फोन करायलेत. कुणाला जुनं मेंब्रेन (आरओतला पडदा, पाणी जाऊ देतोय, साखर-क्षार अडवतोय) पाहिजे, कुणाला पंप, एकानं तर विचारलं की घरातल्याच मशीनला रसाची बादली जोडली तर चालेल का. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण आकडे तेवढे कापू नका, कारण सगळी गंमत आकड्यातच आहे.

आधी मेपलचं सांगतो. माझा भाचा तिकडं व्हरमाँटमध्ये असतोय, शेजाऱ्याच्या नादानं त्यालाही हे वेड लागलंय आणि काही अडलं की मामाला व्हिडिओ कॉल, त्यामुळं मला इथं बसून बऱ्यापैकी कळलंय. शुगर मेपल म्हणून झाड असतंय, त्याच्या खोडाला साधारण ८ मिलिमीटरचं भोक पाडून नळी ठोकतेत आणि त्यातनं रस टिपकतोय. वर्षभर नाही, फेब्रुवारी संपता संपता ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, रात्री शून्याच्या खाली आणि दिवसा शून्याच्या वर असं हवामान असलं तरच. जगातलं साधारण ७० टक्के मेपल सिरप एकट्या क्विबेक प्रांतात होतंय आणि अमेरिकेत पहिला नंबर व्हरमाँटचा.

आता मुद्द्याचं. हा रस म्हणजे जवळजवळ पाणीच. साखर फक्त २ टक्के. आणि सिरप व्हायला ती ६६ टक्क्यांवर न्यायला लागती. म्हणजे साधारण ४० लिटर रस आटवला की हातात १ लिटर सिरप येणार, बाकीचं ३९ लिटर पाणी वाफ करून हवेत सोडायचं. १ लिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला ०.६ युनिटपेक्षा जास्त उष्णता लागती, शेगडीची निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूनं वाया जाती हे धरलं तर १ लिटर सिरपला आपल्या घरगुती सिलिंडरचा पाव भाग तरी जाईल. एका बाटलीला पाव सिलिंडर! तिकडं लाकूड जाळतेत, पण लाकूड तोडायचं, फोडायचं, वाळवायचं, रात्रभर जागून जाळ घालायचा, हे सगळं आलंच.

म्हणून त्या लोकांनी आरओ आणला. मोठे उत्पादक १९७० च्या दशकापासनं वापरतेत, घरी करणाऱ्यांनी नंतर तेच छोट्या मशीनवर उतरवलं. (तिथल्या मूळ रहिवाशांनी तर गोरे यायच्या आधी याच्यापेक्षा सोपं काढलं होतं, रस रात्री उघड्यावर ठेवायचा, वर जमलेला बर्फ सकाळी काढून फेकायचा. बर्फात साखर जवळजवळ जात नाही, खाली राहिलेला रस आपोआप घट्ट. ना वीज ना जळण.)

घरी बनवलेला आरओ म्हणजे काय, तर आपल्या स्वयंपाकघरात भिंतीला टांगलेलं जे असतंय तेच सामान. त्याच साइजचं मेंब्रेन, बूस्टर पंप, एक प्रेशर गेज, फूडग्रेड नळी. आधी सेडिमेंट फिल्टर (गाळ अडवणारा) ठेवायचा पण कार्बनचा फिल्टर काढून टाकायचा, तो चव ओढून घेतोय. आणि फिक्स एफआर (बाहेर जाणारं पाणी ठराविकच सोडणारा अडथळा) काढून तिथं नीडल व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे प्रेशर हातानं कमीजास्त करता येतंय. फरक एवढाच की आपल्याकडं जे रिजेक्टच्या पाइपनं मोरीत जातंय तोच त्यांचा माल, आणि आपण ग्लासात घेऊन पितो ते शुद्ध पाणी त्यांना मेंब्रेन धुवायला. रिजेक्टची नळी परत बादलीत सोडायची, तोच रस पुन्हा पुन्हा फिरवायचा, असं करत २ टक्क्याचा ४ केला की ४० लिटरचे २० राहतेत, ८ केला की १०. मग जाळावर फक्त ९ लिटर पाणी उडवायचं राहिलं. ३९ च्या जागी ९, म्हणजे पाऊण जळण आणि पाऊण वेळ वाचला, आणि त्या पंपाला वीज किती तर एका छोट्या बल्बाएवढी. खरंच भारी काम आहे, मी पण मानतो. शेवटचं आटवणं मात्र जाळावरच करायला लागतंय कारण सिरपचा रंग आणि वास आटवण्यातनंच येतोय, मेंब्रेन फक्त पाणी काढतंय.

मग हेच उसाच्या रसाला का नको?

पहिलं कारण प्रेशर. गोड पाण्यातनं पाणी बाहेर ढकलायचं म्हणजे साखर जेवढ्या जोरानं ते पाणी धरून ठेवती त्याच्या वरचा जोर पाहिजे. जितकी साखर जास्त तितका जोर जास्त. २ टक्क्याला साधारण २० पीएसआय (हे प्रेशरचं माप) लागतंय, आपला घरगुती बूस्टर पंप ८० ते १०० देतोय, म्हणजे आरामात. ८ टक्क्याला ९० च्या आसपास गेलं, पंप दमला, पाणी थेंब थेंब. म्हणून घरगुती आरओवाले मेपलमध्ये पण ८ च्या पुढं जात नाहीत. आणि उसाचा रस चरकातनं निघतानाच १८-२० ब्रिक्स (म्हणजे साधारण तेवढे टक्के साखर) असतोय. त्याला सव्वादोनशे पीएसआय तर नुसतं बरोबरीला यायला लागतंय, पाणी सुटायला त्याच्याही वर. घरच्या मशीनमध्ये रस घातला तर तो जसाच्या तसा रिजेक्टमधनं बाहेर येणार, दुसऱ्या नळीतनं काहीच नाही. पंप मोठा लावतो म्हणाल तर ती प्लॅस्टिकची हाऊसिंग आणि पुशफिट जोड १००-१२५ पीएसआयची, फुटून तोंडावर येतील. मोठ्या प्रेशरची मशीनं असतेत, स्टीलची, पण ती लाखातली गोष्ट, त्याला घरगुती म्हणायचं नाही.

शिंदीच्या नीऱ्याचं पण एकानं विचारलं. त्यात साखर १० टक्क्यांच्या पुढं, म्हणजे तोही घरच्या पंपाच्या बाहेर, वरनं सकाळी उतरवलेला नीरा ऊन चढेपर्यंत आंबायला लागतोय.

दुसरं कारण घाण. मेपलचा रस दिसायला नळाच्या पाण्यासारखा, चुना भरलेल्या बोअरच्या पाण्यापेक्षा मेंब्रेनला सोपा. उसाच्या रसात मेण, डिंक, चोथा, माती सगळं. गाळाचा स्पन फिल्टर पाच मिनिटांत काळा होणार. तुम्ही म्हणाल आधी भेंडीचं पाणी घालून मळी काढू मग आरओला लावू. बरं. पण मळी वर यायला रस तापवायला लागतोय, उकळीजवळ नेल्याशिवाय ती सुटत नाही, आणि घरगुती मेंब्रेनला ४५ अंशाच्या वर गरम चालत नाही, खलास होतंय. म्हणजे आधी तापवा, मग गार करा, मग आरओ, मग परत तापवा. गार व्हायला ठेवलेला रस आंबणार नाही का? तिकडं बाहेर बर्फ असतोय म्हणून रस टाकीत राहिला तर चालतंय. आपल्याकडं थंडीतही दुपारी ३० अंश असतंय आणि चरकातनं निघालेला रस काही तासात बिघडायला सुरू होतोय, मग गूळ बसत नाही, चिकट राहतोय.

तिसरं, स्पीड. ७५ जीपीडीचं मेंब्रेन म्हणजे दिवसाला ७५ अमेरिकन गॅलन, तासाला १२ लिटरच्या आतच, तेही स्वच्छ पाण्याला. माळशिरस तालुक्यात माझ्या मेव्हण्याचं गुऱ्हाळ आहे, तिथं एका आधणाला हजार लिटरच्या आसपास रस काहिलीत पडतोय. बारा लिटरनं हजार लिटर कधी होणार, गुळव्या तर मला काठी घेऊन हाकलेल.

आणि मुळात आपल्याला गरज किती आहे तेही बघा ना. १८ ब्रिक्सचा १०० किलो रस आटवून काकवी केली तर पंचवीसएक किलो निघती, म्हणजे एका किलोमागं तीनेक किलो पाणी उडवायचं. मेपलला एका किलोमागं तिसाच्या वर. दुखणंच दहा पट कमी आहे. वरनं जळण कुठलं तर त्याच उसाचं वाळलेलं चिपाड, विकत काय आणायचं नाही. जळण विकत आणणाऱ्याचं मशीन जळण फुकट मिळणाऱ्याला विकायलेत असं झालं हे!

चिपाड पुरत नाही अशी गुऱ्हाळं आहेत, मान्य. पण तिथं दोष चुलवाणाचा असतोय. धुराडं लाल होऊन निम्मी उष्णता वर जाती. त्या गरम धुराच्या वाटेवर दुसरी काहील ठेवून पुढच्या आधणाचा रस कोमट करून घेतला तरी जळण वाचतंय, दोन-तीन काहिलींची सुधारित चुलवाणं लखनौच्या ऊस संशोधन संस्थेनं कधीच काढलेली आहेत. मेपलवाले सुद्धा आरओच्या जोडीला हेच करतेत, उथळ रुंद पॅन आणि पॅनमध्ये येणारा रस वाफेवर आधी गरम करून घ्यायचा. साखर कारखान्यात तर हीच आयडिया टोकाला नेलेली, एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्याला, अशी चार-पाच भांडी ओळीनं, ही युक्ती नॉर्बर्ट रिलिए नावाच्या माणसानं अमेरिकेत १८४३ ला पेटंट केली. आपल्या जिल्ह्यात एवढे कारखाने, त्यातला कुठलाही मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट अर्ध्या तासात समजावून सांगेल, शेतीच्या पानासाठी त्यांनाच का विचारत नाही?

मेपलवाल्यांकडनं एक गोष्ट मात्र घ्यावी अशी आहे, ती म्हणजे मोजायची सवय. रस आला की आधी ब्रिक्स बघणार, ८६ ला ब्रिक्सनं भागणार, तेवढे लिटर रसाला १ लिटर सिरप, असा त्यांचा जुना हिशोब. २ ब्रिक्स असेल तर ४३, वर मी सोपं जावं म्हणून ४० धरलेत. उतरवताना थर्मामीटर, पाण्याच्या उकळीपेक्षा ४ अंश वर गेलं की उतरवलं. आपल्याकडं गुळव्या पाण्यात गोळी करून बघतोय, त्याचा हात सोन्याचा असतोय यात वाद नाही, पण काकवी विकायची तर एक बाटली पातळ आणि एक घट्ट असं चालत नाही, पातळ राहिली की आंबती, जास्त गेली की तळाला साखर बसती. पंढरपूर भागातल्या द्राक्षवाल्यांकडं हातात धरायचा ब्रिक्स मीटर घरोघरी आहे. तोच काकवीला वापरा, घट्ट मालासाठी वरच्या रेंजचा लागतोय तेवढं दुकानदाराला सांगा.

आणि हो, टीडीएस मीटर घालून गोडी मोजू नका. हे मी स्वतः बघितलंय, लोकं रसाच्या ग्लासात टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगतेत. तो क्षार मोजतोय, साखर त्याला दिसत नाही. वाटीभर साखर घालून ढवळा, आकडा वाढायचा नाही.

मॉलमध्ये मेपल म्हणून जे स्वस्तातलं मिळतंय ते बऱ्याचदा नुसतं साखरेचं पाणी आणि वास असतोय, लेबल वाचून घ्या. त्यापेक्षा भाकरीवर काकवी बरी, पण ते माझं मत झालं.

तुम्हाला विनंती एवढीच की त्याच पानावर, त्याच जागी, रसातल्या साखरेचे हे आकडे छापा: मेपल २, नीरा १० च्या पुढं, ऊस १८ ते २०. वाचणाऱ्याला बाकी काय सांगायची गरज पडणार नाही. आणि शाळेच्या पोरांना विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं असेल तर जरूर करा, १ लिटर पाण्याला २० ग्रॅम साखर, नवीन मेंब्रेन, आधी भरपूर पाणी सोडून त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह धुवून घ्यायचं, मग एका नळीतनं गोड आणि एका नळीतनं फिकं पाणी येतंय का ते चाखून बघा, मला बोलवा मी जोडून देतो, फुकट.

जुनं मेंब्रेन मात्र मागू नका. दोन-तीन वर्षं बोअरचं पाणी पिऊन त्याच्या आत क्षार आणि शेवाळ काय काय बसलेलं असतंय ते मी कापून बघितलंय, खायच्या वस्तूला ते मी कुणाला देणार नाही, ओळखीच्याला पण नाही.

आपला वाचक,
एक आरओ मेकॅनिक, जुळे सोलापूर