पुतळीच्या दोन्ही बाजू दाखवा : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

आपल्याकडच्या एका संग्रहालयात व्हेनिसचे सोन्याचे डुकाट काचेआड ठेवले आहे. पाटीवर शब्द दोनच : ‘परदेशी नाणे’. हेच नाणे पुतळी या नावाने मराठी मुलखात चालले आणि कडी लावून, माळेत ओवून बायकांच्या गळ्यात गेले. त्याची इतक्यात बोळवण करणे पटत नाही.

त्यावर आहे काय? एका बाजूला व्हेनिसचा रक्षणकर्ता संत मार्क. त्याच्यासमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला निवडलेला राज्यप्रमुख. दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. दुसऱ्या बाजूला लांबट प्रभावळीत, ताऱ्यांच्या मधोमध येशू ख्रिस्त. भोवती लॅटिन प्रार्थना, की तू ज्यावर राज्य करतोस ते हे राज्य तुलाच अर्पण असो. राज्यकर्त्याने स्वतःच्याच नाण्यावर गुडघे टेकावेत, आणि तेही पाचशे वर्षे! १२८४ मध्ये डोज जोवान्नी दांदोलोच्या काळात हे पहिल्यांदा पाडले गेले. १७९७ मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत घडण तीच. डोज बदलला की नाव तेवढे बदलायचे. यामागे भक्ती होती तसा व्यवहारही होता. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोने. पूर्वेकडचे सराफ ते या चित्रावरून ओळखत. ओळखीचे चित्र बदलून कोण पत घालवून घेईल?

पुढे आपल्याकडच्या सोनारांनीही तशा पुतळ्या घडवल्या. त्यांत लॅटिन अक्षरांच्या रेघोट्या झाल्या. मला तर अस्सल डुकाटापेक्षा या नकलाच मोलाच्या वाटतात.

म्हणून नाण्यामागे आरसा लावावा, मोठे छायाचित्र लावावे, शेजारी इथे घडलेली पुतळी ठेवावी. हे सोपे आहे. घाई आहे ती वेगळ्याच गोष्टीची. आजीची माळ मोडून नवा डाग करताना जुन्या पुतळ्या मुशीत जातात. त्याआधी पुरातत्त्व विभागाने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे घेऊन त्यांची छायाचित्रे आणि वजने नोंदवावीत, आणि माळ तिथल्या तिथे परत द्यावी. लोक बिचकतील, कारण सरकारी टेबलावर सोने ठेवायला कोण धजावतो? १८७८ चा निखात निधी कायदा जमिनीत दडलेल्या धनाचा आहे, अंगावरच्या दागिन्यांना तो लागू नाही, हे विभागाने लेखी सांगावे. नोंदीसाठी आणलेला डाग अडकवून ठेवणार नाही, अशी हमीही द्यावी.

पहिले शिबिर कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात घ्यावे, ही विनंती.

कळावे,
एक नाणेप्रेमी