तापाची तारीख लिहून घेणाऱ्या आशाताईंना

दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत काजूच्या हंगामात तापाचे रुग्ण शोधत वाड्या पालथ्या घालणाऱ्या सर्व आशाताईंना,

सप्रेम नमस्कार.

रक्ताची नळी आमच्या प्रयोगशाळेत तपासणीला येते तेव्हा सोबतच्या फॉर्मवर तुम्ही विचारून घेतलेल्या दोन गोष्टी असतात. ताप कोणत्या तारखेला चढला आणि त्याआधीच्या आठवड्यात माणूस काजीत, लाकडांना किंवा पातेरा (वाळका पाला) गोळा करायला रानात गेला होता का. माकडताप, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूचा ताप, ओळखला जातो तो बऱ्याचदा या दोन ओळींमुळे. त्यांच्यासाठीच हे आभाराचं पत्र आहे.

तारखेचं मोल प्रयोगशाळेत बसल्यावर कळतं. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू रक्तातच असतो, तेव्हा विषाणूच शोधणारी आरटी-पीसीआर चाचणी कामाची. आयजीएम प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतात. दुसऱ्याच दिवशीच्या रक्ताची नुसती एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांची चाचणी, केली, तर ती निगेटिव्ह येते आणि आजारी माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. दोन-तीन आठवड्यांनी नेमकं उलटं होतं: पीसीआर निगेटिव्ह, एलायझा पॉझिटिव्ह. मधल्या दिवसांत दोन्ही कराव्या लागतात. ‘चार-सहा दिवस ताप’ असं मोघम लिहिलेल्या फॉर्मवरून यातलं काहीच ठरवता येत नाही. ‘शिमग्यात मांडावर होतो, तेव्हा अंग मोडून इला’ असं रुग्ण सांगतो आणि तुम्ही कॅलेंडर काढून, दिवस मोजून तारीख लिहिता. लवकर घेतलेला नमुना निगेटिव्ह आला, तर दुसरा कधी मागवायचा हेही त्या तारखेवरूनच ठरतं.

दुसरा प्रश्न तितकाच मोठा, कारण हा आजार सोंगं फार घेतो. तापाबरोबर डोळे लाल आणि पोटऱ्या ठणकतात, असं ऐकलं की कोकणातल्या कुठल्याही डॉक्टरच्या मनात आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) येतो. प्लेटलेट घसरल्या की डेंगी. दोन्ही शंका रास्तच आहेत. पण लेप्टोचा जोर पावसात, भातशेतीच्या चिखलात असतो. माकडताप येतो तो डिसेंबर ते मेमध्ये, वाळलेल्या पाल्यात. डेंगीचा आणि याचा विषाणू एकाच कुळातले, त्यामुळे प्रतिपिंडांची चाचणी कधीकधी चकवते. मार्चमध्ये डेंगीची एनएस-१ ही सुरुवातीची चाचणी निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी, कपाळ फुटेल असं डोकं दुखतंय, कंबर धरलीय आणि माणूस काजीत जाणारा. एवढं जुळलं की माकडतापाची तपासणी मागायलाच हवी. तुम्ही रुग्णाला तोंड उघडायला लावून टाळूवर बारीक फोड आहेत का पाहता, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं का विचारता, तेही फार उपयोगी पडतं. ताप भरपूर असूनही नाडी मंद चालते, ही खूणही विसरू नये.

‘गोचीड चावल्याचं आठवत नाही’ या उत्तरावर तुम्ही थांबत नाही, याबद्दल वेगळे आभार. माणसाला चावते ती बहुतेक वेळा गोचिडीची मधली, अर्धवट वाढीची अवस्था. ती जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते. चावा दुखत नाही, पुष्कळांना दिसतही नाही. शिवाय मोबाइलवर ‘गोचिडीचा आजार’ शोधला की अमेरिकेतल्या लाइम नावाच्या आजाराची माहिती समोर येते आणि लोक अंगावर गोल कड्यासारखा लाल चट्टा शोधत बसतात. तो चट्टा लाइमचा, आणि तिथंही प्रत्येकाला उठतोच असं नाही. माकडतापात असं कडं उठत नाही. लाइम जिवाणूमुळे होतो, डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. माकडतापाच्या विषाणूवर ते औषध चालत नाही. इथे पाणी, सलाईन, पॅरासिटामॉल आणि रक्तस्रावावर नजर, एवढंच हाती असतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मात्र टाळायचं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखीवर दुकानातून गोळी आणून घेणाऱ्यांना तुम्ही हे बजावता, ते अगदी योग्य.

नमुन्यांबद्दलही बोलायला हवं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅबवाल्यांनाही हे वाचून दाखवा, कारण आभारात त्यांचा वाटा आहे. साध्या, लाल टोपणाच्या नळीत ३ ते ५ मिलि रक्त. हिरव्या टोपणाची नळी नको. तिच्यातलं हेपॅरिन पीसीआर बिघडवतं. अर्धा तास नळी उभी ठेवून रक्त गोठू द्यायचं, मग सीरम वेगळं करायचं. न गोठलेलं रक्त हलवत नेलं किंवा नळी थेट बर्फाला टेकली, तर तांबड्या पेशी फुटतात आणि लालभडक सीरम हाती येतं, ज्यावर खात्रीचा निकाल देणं कठीण. २ ते ८ अंश तापमान, तिहेरी वेष्टन आणि फॉर्म बाहेरच्या वेष्टनात. बर्फाच्या पेटीत टाकलेला फॉर्म भिजतो आणि तुम्ही कष्टाने मिळवलेली तारीखच पुसली जाते. 

मेलेल्या वानराची खबर तुम्ही त्याच दिवशी देता, तिचं महत्त्व गावात अजून सगळ्यांना पटलेलं नाही. माकडतापाने वानरंही मरतात. वानराचं अंग थंड पडू लागलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूच्या पाल्यात पसरतात. म्हणून त्या जागेभोवती ५० मीटरपर्यंत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी मारतात. खबर उशिरा आली, तर तोवर त्याच पाल्यातून माणसं काजू वेचून गेलेली असतात. 

१९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६ मध्ये तो दोडामार्गात आला. दगावणाऱ्यांचं प्रमाण शंभरात तीन ते पाच. जुनी लस आता दिली जात नाही. त्यामुळे रानात जाण्याआधी हातापायांना गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि अंगावरचे कपडे लगेच धुवायला टाकणं, हे तुमचं रोजचं सांगणंच लोकांच्या कामी येतं. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल ओतायचं नाही, नखाने चिरडायची नाही.

एक विनंतीही आहे. ताप उतरला म्हणून रुग्णाचं नाव वहीतून खोडू नका. काही जणांना एक-दोन आठवडे बरं वाटून ताप पुन्हा येतो, आणि या वेळी मान आखडते, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं बाधा झाली. पहिल्या तारखेपासून तीन आठवडे मोजा आणि तोवर दर दोन-तीन दिवसांनी घरी डोकावा. त्या घरी हेही सांगा की हा आजार माणसापासून माणसाला होत नाही. रुग्णाच्या उशाशी बसायला, त्याला भरवायला कुणी घाबरू नये.

तुमचे कृतज्ञ,
तुम्ही पाठवलेले नमुने तपासणारे आम्ही